दहा मार्कांचा फुटबॉल

"मागं नाही, विशाखा! पुढं! अगं, पुढं!"

मी मैदानाच्या कडेनं ओरडत पळत होते. विशाखा यमगर चेंडू काखेत दाबून सुसाट निघाली होती, आणि नेमकी उलट्या दिशेला. समोरच्या टीममधल्या मुलीचा हात तिच्या दंडाला जेमतेम लागला, त्यासरशी ती गर्रकन वळली आणि आमच्याच शेवटच्या रेषेकडे सुटली. वाटेत कुणी आडवं आलं नाही. कशाला येईल? त्या मुली कमरेवर हात ठेवून गंमत बघत होत्या. रेषेपलीकडे जाऊन विशाखानं जमिनीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि धापा टाकत माझ्याकडे बघून हसली.

पंचांनी शिट्टी मारली. समोरच्यांना दोन गुण.

"का ग बाई?" मी विचारलं. रडावं की हसावं, मला कळत नव्हतं.

"टच झाला की मॅडम. मग घरी नको यायला?"

"ह्यात घरी यायचं नसतं! किती वेळा सांगू?"

"सवय हो," ती म्हणाली आणि वेणी मागं टाकून जागेवर गेली. तिच्या शेजारून आरिफा मुलाणी ओरडली, "सवय मोड की मग! आमचं वाटोळं करायला निघालीस व्हय?"

तो सामना आम्ही वीस-शून्यनं हरलो. विसातले चार गुण एकट्या विशाखानं त्यांना नेऊन दिले होते.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा आटपाडीकडच्या एका लहानशा कॉलेजात तासिका तत्त्वावर शारीरिक शिक्षण शिकवत होते. म्हणजे तास घेतला तर पैसे, आणि पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही ते प्राचार्यांच्या मर्जीवर. आमच्या कॉलेजचं नाव एकाच गोष्टीसाठी होतं, मुलींची कबड्डी. पण आदल्या वर्षी सेमीफायनलला एक निर्णय पटला नाही म्हणून आमच्या पोरींनी पंचांना अलगद उचललं आणि रेषेबाहेर नेऊन ठेवलं. मारलं नाही, शिवी दिली नाही, नुसतं उचलून ठेवलं. कबड्डीवर एक वर्षाची बंदी आली.

जुलैत प्राचार्य कुंभोजकरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "पोतदार मॅडम, अमेरिकन फुटबॉल येतो का तुम्हाला?"

"नाही सर."

"छान. कुणालाच येत नाही. म्हणून आपल्या भागात फक्त चार कॉलेजांनी नाव दिलंय. पहिल्या तीन टीमच्या मुलींना परीक्षेत दहा-दहा वाढीव मार्क मिळतात. तुम्ही एवढंच करायचं, चौथं यायचं नाही."

"सर, त्यात डोकी आपटतात ना? हेल्मेट घालून?"

"मुलींच्यात डोकी आपटायची नाहीत. कमरेला पट्टी लावायची, ती ओढली की थांबायचं. बसता उठता घरात ओढाओढीच चालू असते, त्यात काय शिकवायचंय?"

शिकवायला काय होतं ते मला आठवड्यात कळलं. मैदानाच्या अर्ध्या भागात गावातल्या लोकांनी मका वाळत घातलेला. चेंडू एकच, दोन्हीकडून टोकदार. मुलींनी त्याचं नाव पहिल्याच दिवशी 'पपई' ठेवलं. पट्ट्या गावातल्या शिंप्यानं लाल अस्तराच्या शिवून दिल्या. खेळ मी मोबाइलवर बघून पाठ केला होता. पाच जणी इकडे, पाच तिकडे. पपई घेऊन समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे गेलं की सहा गुण. स्वतःच्याच रेषेमागं गेलं की समोरच्यांना दोन.

माझ्या सहा मुली, सहाही कबड्डीच्या. पपई हातात आली की तोंडानं "कबड्डी कबड्डी" सुरू. समोरची पळायला लागली की पट्टी सोडून तिचा घोटाच धरायच्या. आणि कुणी शिवलं की माघारी. कबड्डीत जो परत येत नाही तो बाद, हे त्यांच्या हाडात गेलेलं. मी रागावले की सगळ्या कान धरायच्या आणि पुढच्या मिनिटाला तेच.

एकच गोष्ट त्या झटक्यात शिकल्या. माझी ओवी तेव्हा अकरा महिन्यांची होती. सासूबाईंना संधिवाताचा त्रास झाला की मी तिला मैदानावर आणायची. चेंडू कसा धरायचा ते काही केल्या सांगता येईना, तेव्हा मी म्हटलं, "ओवीला कडेवर धरता ना, तसा. एक हात खाली, एक वर, आणि कुणी हिसकावायला आलं तर अंग आडवं घालायचं." त्यानंतर त्यांच्या हातून चेंडू कधी सुटला नाही. विशाखाच्या तर नाहीच. ओवीही तिच्याच कडेवर झोपायची, बाकी कुणाच्या नाही.

विशाखाला टीममध्ये आणून सोडलं होतं तिच्या थोरल्या काकांनी. गावातलं दूध संकलन केंद्र त्यांचं. पांढऱ्या मोटरसायकलवरून आले आणि उतरले पण नाहीत. म्हणाले, "पोरीचा अर्थशास्त्राचा एक पेपर राहिलाय, मॅडम. दोनदा बसली, दोनदा चौतीस. चाळीसला पास. तुमचे दहा मार्क मिळाले की बी.ए. झालीच म्हणून समजा. तेवढं बघा."

"बघते," मी म्हटलं. आरिफाला इंग्रजीत तेवढेच कमी पडत होते. तिला पास होऊन सांगलीला नर्सिंगला जायचं होतं. त्यासाठी ती दोन वर्षं मामाच्या घरी राहून कॉलेज करत होती. बाकीच्या चौघींचंही कमीजास्त असंच. अख्खी टीम दहा मार्कांसाठी गोळा झालेली. खेळावर प्रेम म्हणाल तर ओवीलाच काय ते होतं. ती पपई चाटायची.

पहिला सामना असा वीस-शून्यनं गेल्यावर मी रात्रंदिवस एकच विचार करत होते. ह्यांची 'घरी' जायची ओढ मोडता येत नाही, तर घरच हलवता येईल का?

दुसऱ्या सामन्याला तासगावकडच्या कॉलेजात गेलो तेव्हा मी पोरींना म्हटलं, "चपला काढा. डबे, पिशव्या, ओढण्या, सगळं द्या इकडं."

"कशाला मॅडम?"

"द्या म्हणते ना."

सगळा बाडबिस्तरा उचलून मी मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, समोरच्या टीमच्या रेषेमागं, नेऊन मांडला. कबड्डीच्या पोरी आपल्या चपला कायम आपल्या रेषेमागं काढतात. जिथं चपला तिथं घर. समोरच्या टीमचे सर धावत आले. "हा काय प्रकार आहे, मॅडम? आमच्या बाजूला तुमच्या चपला?"

"नियमात आहे का, चपला कुठं काढायच्या ते?"

त्यांनी पुस्तक चाळलं. नव्हतं.

आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण चाललं! शिवलं की पोरी डोळे झाकून आपल्या चपलांकडे धावायला लागल्या. मध्यंतरात बाजू बदलल्या तशी मीही चपला उचलून दुसऱ्या टोकाला नेल्या. बघणारे लोक हसून बेजार. आरिफानं एकदा पपई थेट स्वतःच्या डब्याशेजारी नेऊन ठेवली. सहा-सहा अशी बरोबरी झाली. दोन मिनिटं राहिली होती. पपई विशाखाकडे आली.

ती चपलांपासून दहा पावलांवर होती. मध्ये कुणी नव्हतं. खरंच कुणी नव्हतं. मागून एकीनं तिच्या पाठीला हात लावला. पट्टी नाही, नुसती पाठ. विशाखानं समोर बघितलं, आपल्या निळ्या चपलांकडे बघितलं, आणि वळली. अख्खं मैदान तुडवत, तिघींना हुलकावणी देत, ती आमच्या रेषेमागं गेली आणि तिथं जमिनीला हात लावला.

आठ-सहा. हरलो.

आरिफा मटकन खाली बसली आणि रडायला लागली. मोठ्यानं नाही, गुडघ्यात तोंड घालून. "हिला बाहेर बसवा, मॅडम," ती म्हणाली. "नाहीतर मला बसवा." बाहेर कुणाला बसवणार? सहावी मुलगी घोटा मुरगळून आधीच बसलेली.

माझ्या डोक्यात ती दहा पावलं फिरत होती. सवयीनं वळणारी पोर तिघींना हुलकावणी देत नाही. सवय आंधळी असते. ही बघून पळाली होती.

विशाखा त्या कॉलेजच्या नळावर तोंड धूत होती. मी जाऊन नळ बंद केला.

"चपला दिसल्या होत्या ना?"

ती ओल्या तोंडानं उभी राहिली.

"दिसल्या होत्या ना ग?"

"हो."

"मग?"

ती ओढणीचं टोक पिळत म्हणाली, "तुम्ही मारणार नसाल तर सांगते."

"मारणार आहे. सांग."

"काकांनी स्थळ आणलंय. विट्याकडचं. त्यांना ग्रॅज्युएट मुलगी पाहिजे. बी.ए. झालं की लगेच लग्न. नाही झालं तर ते थांबणार नाहीत, दुसरीकडं बघणार." तिनं नाक पुसलं. "आणि नापास झाले की त्याच वर्गात पुन्हा नाव घालता येतंय. पुढच्या वर्षी बंदी उठणार, मॅडम. कबड्डीला मी कॅप्टन असते."

"अगं, मग एवढं नाटक कशाला? पेपर कोरा ठेवायचा!"

"काका उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवतात," ती म्हणाली. "दोन्ही वेळा मागवली. कोरा दिसला तर पायच मोडतील. आणि मला कोरा ठेवता पण येत नाही. तीन तास सगळ्या लिहितायत आणि आपण नुसतं बसायचं, कसंतरी होतं. मी मन लावून लिहिते. मन लावूनच चौतीस पडतात." तिचा आवाज चढला. "मी प्रामाणिकपणे नापास होते, मॅडम! तुमचे दहा मार्क मध्ये कडमडतात!"

मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. मी खरंच मारला.

"आणि आरिफा? तिनं काय करायचं? बाकीच्या चौघींनी?"

आता मात्र तिचे डोळे भरले. "तेच कळत नाही. झोप येत नाही मला. पण मार्क टीमला मिळतात ना. एकीला मिळाले की सगळ्यांना."

"कुणी सांगितलं?"

"म्हणजे?"

"मार्कांसाठी नावांची यादी विद्यापीठाला जाते. ती यादी कोण लिहितं, माहीत आहे?"

तिनं मान हलवली.

"मी लिहिते! माझ्या हातानं! ज्याचं नाव लिहिलं त्याला मार्क, नाही लिहिलं त्याला नाही! जुलैपासून घसा फोडतेय मी. शिंप्याच्या पाया पडले, चपला वाहिल्या लोकांसमोर. आणि तू एकदा, एकदा येऊन सांगितलं असतंस, 'मॅडम, माझं नाव घालू नका'..."

"तुम्हाला कसं सांगणार?" ती अगदी खरोखर गोंधळून म्हणाली. "तुम्ही मॅडम आहात. मॅडमना कुणी 'नापास करा' म्हणतं का?"

मी नळ सुरू केला आणि माझंच तोंड धुतलं.

तिसरा सामना आमच्याच मैदानावर होता. मका उचलायला पाहिजे होता. पहाटे गेले तर एक माणूस एकटाच पाटीनं मका पोत्यात भरत होता. बारीक अंगाचा, शर्टाला दुधाचा आंबट वास. विशाखाचे वडील. थोरल्या भावाच्या केंद्रावर दिवसभर कॅन उचलायचे.

"तुम्ही कशाला, दादा?"

"पोरी पाय घसरून पडतील की," ते म्हणाले. आणि मग मैदानाकडे बघत, "लहानपणी शेळ्यांमागं पळायची. एकदा बी शेळी हुकली न्हाई तिची."

एवढंच बोलले. सामना त्यांनी कंपाउंडला टेकून, उभ्यानं बघितला.

मी त्या दिवशी चपला कुठंच मांडल्या नाहीत. पहिल्यांदा पपई विशाखाकडे आली, कुणीतरी तिच्या खांद्याला शिवलं, आणि आमच्या चारही मुली एकदम ओरडल्या, "मागं नको ग!" ती क्षणभर थबकली. मग निघाली. मी कबड्डीतल्या तिच्या चढाया कधी बघितल्या नव्हत्या. त्या दिवशी कळलं, हिला कुणी धरलं असं म्हणणाऱ्या पंचांना पोरींनी का उचलून ठेवलं असेल. कंबर अशी वळवायची की हात पट्टीपर्यंत यायचा आणि रिकामा जायचा. सहा गुण. समोरच्यांनी सहा फेडले. शेवटी शेवटी तिच्यामागं चौघी लागल्या, तेव्हा तिनं समोरची रेष तीन पावलांवर असताना पपई आरिफाकडे टाकली.

"अगं, तूच जा की!" आरिफा घाबरून ओरडली.

"धर आणि मर तिकडं!" विशाखा म्हणाली.

आरिफा पपईला पोटाशी धरून रेषेपलीकडे जाऊन पडली. बारा-सहा. आम्ही तिसरे आलो. पोरींनी ह्या खेपेला मला उचललं आणि थेट नेऊन मक्याच्या पोत्यावर बसवलं.

सोमवारी मी यादी लिहिली. आरिफा मुलाणी आणि तिच्यानंतर चौघी. पाच नावं झाल्यावर पेन थांबलं. नापास करायचा हक्क मास्तरला असतो, पण तो पेपर तपासून, असा नाही. सहावी ओळ मी रिकामी ठेवली. मग खाली एक आडवी रेघ मारली. प्राचार्यांनी न वाचता सही केली.

जूनमध्ये निकाल लागला. आरिफा पेढे घेऊन आली. विशाखाला अर्थशास्त्रात चौतीस.

आठ दिवसांत प्राचार्यांनी मला मेमो दिला. विशाखाचे थोरले काका येऊन गेले होते. "सहा मुली खेळल्या, यादीत पाच? काय उत्तर देऊ मी लोकांना?"

"नजरचुकीनं राहिलं, सर."

"मुदत संपली. आता काही होत नाही. पोरीचं ठरलेलं लग्न मोडलं तुमच्या नजरेपायी! पुढच्या वर्षी तुम्हाला घ्यायचं की नाही, विचार करावा लागेल, मॅडम."

मी मान खाली घालून उभी राहिले. त्यांचं म्हणणं शब्दन् शब्द बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी मी जिमखान्याच्या खोलीत कबड्डीचे जुने टी-शर्ट मोजत होते, तेव्हा बाहेर मोटरसायकल थांबली. पांढरी. थोरले काका वर बसलेले, इंजिन सुरू. मागच्या सीटवरून विशाखाचे वडील उतरले आणि दारात आले. त्या बारीक माणसाचा एवढा मोठा आवाज असेल असं मला वाटलं नव्हतं.

"मॅडम! सगळ्या पोरींला मार्क, आणि माझीच पोरगी कशी राहिली वो? डोळं कुठं गेलतं तुमचं?"

"चुकलं माझं, दादा," मी म्हटलं. ह्या माणसानं माझ्या पोरींसाठी पहाटे मका भरला होता.

"चुकलं म्हणून भागतंय व्हय? आमची अब्रू गेली पाव्हण्यात!"

बाहेर काकांनी समाधानानं इंजिनचा आवाज जरा वाढवला. वडील दोन पावलं आत आले. टेबलापाशी येऊन थांबले, टी-शर्टांच्या गठ्ठ्याकडे बघितलं, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. इतका, की मलाही वाकून ऐकावं लागलं.

"त्या तिसऱ्या खेळाला मी बघत हुतो. आधीच्या दोन खेळांत ती चुकून मागं पळाली न्हाई. माझी पोर हाय ती." त्यांनी एकदा दाराकडे बघितलं. "मॅडम, पुढच्या साली कबड्डीची यादी बी तुम्हीच लिवणार न्हवं?"

मी त्यांच्याकडे बघितलं. डोळ्यांत कसलाही राग नव्हता. नुसती विचारपूस होती, उद्या दूध किती वाजता न्यायला येणार म्हणून विचारावं तशी.

"कॉलेजनं ठेवलं तर," मी म्हटलं. "मीच."

त्यांनी मान डोलावली. मग दाराकडे वळून पुन्हा गरजले, "असल्या बाईला ठिवतंय कोण कॉलेजात! पोरींचं नुकसान करायला बसवलीया व्हय!"

उंबऱ्यापाशी गेल्यावर मात्र ते मागं फिरले. मोटरसायकलकडे त्यांची पाठ होती. त्यांनी दोन्ही हात छातीशी जोडले, अगदी अंगालगत, बाहेरून दिसणार नाहीत असे. मग हात खाली सोडले आणि शिव्या देत देत भावाच्या मागं जाऊन बसले.